अर्धी गुंज केशर

पिवळा दिसतो तो प्रत्येक भात केशरी भात नसतो. हे पहिलेच वाक्य वाचून पुरुष वाचक पान उलटतील, हे मी जाणून आहे. पण त्यांनी उलटू नये. कारण दिवाळीच्या पंगतीत पाटावर बसल्याबसल्या "वा! रंग काय सुरेख आलाय!" असे उद्गार काढणारे बहुधा तेच असतात, आणि आमच्यापैकी पुष्कळजणींना आडवाटेला नेणारे वाक्य नेमके हेच आहे. रंगाचे कौतुक झाले, की घरची बाई पुढच्या खेपेला रंगच वाढवते. केशराच्या दोन काड्या वरून मिरवायला, आणि आत पातेल्यात चिमूटभर जिलेबीचा रंग! ताट दिसते मोठे झोकदार, पण पहिल्या घासाला नाक आणि जीभ विचारतात, "केशर कुठे आहे?"

आता तुम्ही म्हणाल, केशरी भातावर लेख लिहायला जालन्याच्या बाईने का बसावे? प्रश्न रास्त आहे. आमच्या जिल्ह्यात ना भात पिकतो ना केशर. इथली काळी जमीन ज्वारीची, कपाशीची, तुरीची आणि करडईची. "जालना सोन्याचा पालना" अशी जुनी म्हण आहे. पण तो पाळणा व्यापाराचा. जेवणात इथे भाकरीचे राज्य. माझे माहेर पेणकडचे, दोन्ही वेळा भात खाणारे. 1968 साली लग्न होऊन मनमाडला गाडी बदलली आणि मीटरगेजच्या छोट्या डब्यातून जालन्याला उतरले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच कळून चुकले, की इथे भात हा रोजचा सोबती नसून सणावारी येणारा पाहुणा आहे. पाहुण्याची बडदास्त जशी ठेवतात, तशीच या घरांत भाताची ठेवत. माहेरी नारळीभात श्रावणात एकदा होई आणि विसरला जाई. इथे केशरी भात व्हायचा असला, की चार दिवस आधीपासून घरात त्याची बोलणी चालत. ज्याला एखादी वस्तू रोज मिळते त्याच्यापेक्षा ज्याला ती क्वचित मिळते तो तिची पारख अधिक बारकाईने करतो. म्हणून मी हा पदार्थ शिकले तो भाताच्या मुलखात नव्हे, ज्वारीच्या मुलखात.

दोन स्वयंपाकघरे

मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाच्या पुष्कळ खुणा पुसल्या गेल्या, पण स्वयंपाकघरातल्या खुणा फार चिवट असतात. जुन्या जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचे घर होते, त्यांना सारी आळी खाला म्हणे. ईदेला त्यांच्याकडून झाकलेल्या ताटलीतून जर्दा यायचा आणि दिवाळीला आमच्याकडून केशरी भात जायचा. 'जर्द' म्हणजे फारसीत पिवळा, त्यावरून जर्दा. नावे निराळी, पण बहिणी बहिणीच.

मात्र दोघींच्या रीती अगदी वेगळ्या, आणि त्या शेजारी शेजारी पाहायला मिळाल्या हे माझे भाग्य. खाला भरपूर पाण्यात लवंगा-वेलदोडे टाकून तांदूळ उकळीत, दाणा जवळजवळ शिजला की पाणी निथळून काढीत, मग भाताचा एक थर, साखरेचा एक थर असे रचून वरून तूप आणि केशराचे दूध सोडीत, आणि झाकणाला कणीक लावून मंद निखाऱ्यांवर दम देत. आमच्या सासूबाई तांदूळ तुपावर परतून, मोजक्या आधणात मोकळा भात शिजवून, साखरेचा पाक निराळा करून तो भातात मुरवीत. एकीकडे पाणी फेकायचे, दुसरीकडे पाण्याचा थेंब फेकायचा नाही. जर्द्याचा दाणा लांब, सुटा आणि हलका. आमच्या भाताचा दाणा भरदार आणि आतपर्यंत गोड. उजवा कोणता, हे मी सांगणार नाही. दोन्ही ताटल्या रिकाम्या होऊनच परत जात, एवढे मात्र सांगते. (खरे म्हणजे रिकामी ताटली कोणी परत पाठवीत नसे, तीत काहीतरी घालूनच ती परत जायची.)

केशर आणि करडई

केशर म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेतले की ते वापरताना हात आपोआप जपून चालतो. जांभळ्या रंगाचे छोटेसे फूल असते. त्याच्या पोटात तांबडे तंतू तीनच. तेवढेच हाताने खुडून वाळवायचे, ते केशर. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ही फुले ऑक्टोबर-नोव्हेंबरात उमलतात, म्हणजे आपण इकडे फराळाच्या तयारीत असतो तेव्हा तिकडे बायामाणसे भल्या सकाळी शेतात वाकून फुले वेचीत असतात. जगातले बहुतेक केशर इराणातून येते. काश्मिरी केशराला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आता थोडे गणित. किलोला दीड लाख फुले, म्हणजे ग्रॅमला दीडशे. फुलाला तीन तंतू, म्हणजे ग्रॅमला साधारण साडेचारशे काड्या. समजा, ग्रॅमला साडेचारशे रुपये पडले, तर काडीला झाला एक रुपया! आठ माणसांच्या भाताला तीस काड्या पुष्कळ होतात. म्हणजे दहा फुले आणि तीस रुपये. दुकानात केशराची डबी पाहून आपण बिचकतो, कारण आपल्याला डबीची किंमत दिसते. पातेल्याची दिसत नाही. याहून अधिक पैसे आपण त्याच भातावर काजू पसरण्यात खर्च करतो आणि वर केशर महाग म्हणून रंगाची पुडी आणतो! सासूबाई गुंजेचे माप सांगत. एक गुंज म्हणजे साधारण सव्वाशे मिलिग्रॅम. "दोन वाट्या तांदळाला अर्धी गुंज," हे त्यांचे ठरलेले. मी पुढे काड्या मोजून पाहिल्या, तर अर्धी गुंज म्हणजे तीसच्या आसपासच काड्या. न शिकलेल्या बाईचा हात तराजूपेक्षा कमी नव्हता.

महाग वस्तूला भेसळ चिकटतेच. आणि गंमत अशी, की केशरातली एक जुनी भेसळ आमच्या जिल्ह्याच्या शेतातच उगवते. ती म्हणजे करडईच्या पाकळ्या. हिवाळ्याच्या अखेरीस करडई फुलली, की सारे रान पिवळे-नारिंगी होते. संस्कृतात केशराला कुंकुम म्हणतात आणि करडईला कुसुंभ. नावे जवळची, रंगही जवळचा. वास मात्र पार निराळा. करडईने पाणी पिवळे होते, सुगंध मुळीच येत नाही. म्हणून करडईला नावे ठेवू नका हं! तिच्या तेलावर मराठवाड्याच्या पिढ्या पोसल्या आहेत. काट्यांमुळे तिची फुले वेचणे जिकिरीचे. त्यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण तयार केले. करडई करडई म्हणून विकली तर तिच्यासारखी गुणी दुसरी नाही. ती केशर म्हणून विकली, की तीच लबाडी ठरते.

पारख सोपी आहे. कोमट पाण्यात दोन काड्या टाका आणि दहा-पंधरा मिनिटे वाट पाहा. अस्सल केशर सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडते आणि काडी तांबडीच राहते. पाणी झटकन लालभडक झाले आणि काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली मक्याची शेंडी किंवा तसलेच काहीतरी समजावे. काडी एका टोकाला कर्ण्यासारखी रुंद असते. चघळली तर चव किंचित कडवट लागते. गोड लागली, तर पैसे परत मागावे.

एक गोष्ट जाता जाता. गरोदर मुलीला केशराचे दूध पाजले की मूल गोरे होते, असे अजून शिकलेल्या घरांतही म्हणतात. मुलाचा रंग आईबापांकडून येतो, पेल्यातून नव्हे. मुलीला दूध प्रेमाने द्यावे. पण जन्माला न आलेल्या जिवाच्या रंगाची काळजी तिच्या डोक्यावर ठेवू नये.

कृती

साहित्य: जुना बासमती तांदूळ 2 वाट्या, साखर 2 वाट्या (गोडखाऊ मंडळींसाठी अडीच), साजूक तूप पाव वाटी, केशराच्या 30 काड्या, कोमट दूध 3 चमचे, लवंगा 7-8, वेलदोडे 6, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, बेदाणे, बदामाचे काप आणि थोडे काजू.

तांदळाविषयी एक शब्द. आंबेमोहोर मला फार आवडतो, पण तो या भाताला नको. तो बुटका आणि मऊ, पाकात गोळा होतो. शिवाय त्याला स्वतःचाच मोठा सुवास. दोन गवयांना एका बैठकीत एकाच वेळी गायला बसवू नये.

तांदूळ हलक्या हाताने धुऊन अर्धा तास भिजत ठेवा आणि चाळणीत निथळा. तेवढ्या वेळात केशराचे काम उरकायचे. छोट्या वाटीत केशर घालून ती वाटी गरम तव्यावर, खाली आच न ठेवता, मिनिटभर ठेवा. काड्या कुरकुरीत झाल्या की खलात चुरडा आणि कोमट दुधात भिजवून ठेवा. निदान अर्धा तास तरी त्यांना हात लावू नये. केशर तुपात परतू नका. त्याचा रंग पाण्यात आणि दुधात उतरतो, तुपात उतरत नाही. आणि वास तर जास्त आचेने उडूनच जातो.

जाड बुडाच्या पातेल्यात निम्मे तूप तापवून लवंगा टाका. त्या फुगल्या की तांदूळ घालून दोन-तीन मिनिटे परता. दाणा मोडता कामा नये. साडेतीन वाट्या उकळते पाणी आणि मीठ घाला, झाकण ठेवून मंद आचेवर भात पुरता शिजू द्या. 'पुरता' हा शब्द लक्षात ठेवा. कारण तांदळाला साखर लागली, की त्याचे शिजणे थांबल्यासारखेच होते. साखर पाणी आपल्याकडे ओढून घेते आणि कच्चा राहिलेला दाणा मग कितीही वाफ दिली तरी कडकच राहतो. पुष्कळ घरी केशरी भात दुसऱ्या दिवशी खड्यासारखा लागतो, त्याचे मूळ यात आहे. शिजलेला भात परातीत पसरून निववा.

दुसरीकडे साखरेत पाऊण वाटी पाणी घालून पाक करा. बोटांत जेमतेम तार सुटू लागली, की खाली उतरवा आणि लिंबाचा रस घाला. रस चवीला तर हवाच, पण त्याचे खरे काम पाकाची पुन्हा साखर होऊ न देणे हे आहे. आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. तरी इथे लिंबूच हवे. मोसंबी गोड खरी, पण तिच्यात या कामापुरता आंबटपणा नाही.

आता पाकात केशराचे दूध आणि वेलदोड्याची पूड घाला, भात घाला, उलथन्याच्या कडेने खालून वर हलवा. पातेल्याखाली तवा सरकवा, उरलेले तूप कडेने सोडा आणि दहा-पंधरा मिनिटे मंद वाफ द्या. प्रथम भात पातळसर दिसेल. घाबरू नका, ढवळीतही बसू नका. पाक हळूहळू दाण्यात मुरतो. शेवटी तुपात तळलेले बेदाणे, काजू आणि बदाम घाला आणि तासभर झाकून ठेवा. माझा हात पहिल्या पहिल्यांदा सारखा झाकणाकडे जाई. सासूबाई म्हणत, "सूनबाई, घाई कशाला करायलीस? भात काही पळून चालला नाही."

हा भात गर्द पिवळा होणार नाही. काही दाणे सोनेरी, काही फिके, मधूनच तांबडी रेघ, असा दिसेल. एकसारखा हळदी रंग आला, तर तो केशराचा नव्हे, हे खुशाल समजावे. बाजारात पूर्वीपासून मिळणाऱ्या पिवळ्या रंगांपैकी मेटॅनिल यलो तर खाण्यात वापरायला बंदी असलेला रंग आहे. घरच्या पातेल्यात कोणत्याच रंगाची गरज नाही. केशर नसेल तर सरळ पांढरा साखरभात करावा. तोही सणाला शोभतो.

1972 ची भाऊबीज

हे मी मोठ्या ठामपणे लिहिते आहे, त्याला एक कारण आहे. 1972 साली मराठवाड्यात पाऊस झालाच नाही म्हणावे असा दुष्काळ पडला. आमच्या विहिरीला तळ दिसत होता. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, तिच्या भाकरी थापायच्या. त्या वर्षी चांद्र महिन्यांचा योग असा, की दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली. (2005 सालीही तसेच झाले.) आमच्या वन्सं अंबडकडच्या एका खेड्यात दिलेल्या. त्या भाऊबीजेला येणार होत्या. घरात तांदूळ उरला होता एक वाटी आणि डबीत केशर अर्धी गुंज.

आमच्या घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी सुचवले, "त्यात दोन वाट्या कण्या मिसळा आणि रंग घाला, म्हणजे ताटे भरलेली दिसतील." सासूबाईंनी मान हलवली. "एक वाटीचाच होईल. घासभर येईल प्रत्येकाच्या वाट्याला. पण खाईल त्याला केशरी भात खाल्ल्यासारखं वाटलं पाहिजे."

एक वाटीला पाव गुंजच केशर लागणार होते. उरलेल्या पाव गुंजेची त्यांनी कागदात पुडी बांधली आणि मला बरोबर घेऊन खालांच्या दारात गेल्या. खाला पुडी घेईनात. "नक्को बाई, तुम्हारे घर बेटी आनेवाली है." सासूबाई म्हणाल्या, "अन् तुमच्या घरी ईदेला काय कमी माणसं यायलीत?" पुडी खालांच्या हातात राहिली.

भाऊबीजेला वन्सं आल्या. पदर दोन्ही हातांवरून ओढून बसल्या होत्या. ओवाळताना पदर सरकला, तेव्हा दिसले, की तळहात फुटलेले आहेत आणि बोटांना चिंध्या बांधलेल्या आहेत. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या आणि माहेरी कळू नये म्हणून कुणाला बोलल्या नव्हत्या. कोणीच काही विचारले नाही. सासूबाईंनी भाताचे पातेले पुढे ओढले. प्रत्येकाच्या ताटात एक-एक मूद पडली, लिंबाएवढी. वन्संच्या ताटात दोन. "घे माय," एवढेच त्या म्हणाल्या.

वन्संनी बोटांच्या चिंध्या भिजू नयेत म्हणून तो भात चमच्याने खाल्ला. फार हळू खाल्ला. मग म्हणाल्या, "आई, खरं केशर घातलंस गं." त्या वर्षी त्यांना कुणीतरी खरी वस्तू द्यायला हवी होती, एवढे मला तेव्हा कळले. रंग घातला असता, तर ताट भरले असते आणि ती बाई रिकाम्या मनाने परत गेली असती. ईदेला खालांकडून जर्द्याची ताटली आली. तीही लहानच होती, आणि तिलाही तोच वास होता.

पुढे पाऊसपाणी सुधारले. 1981 साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आता बाजारात वाटेल तो तांदूळ आणि वाटेल ते केशर मिळते, आणि भात आमच्याकडेही रोजचाच झाला आहे. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटीचे माप घरोघर नेले, त्यामुळे 'अंदाजाने' म्हणून नव्या मुलींना कोड्यात टाकण्याची आम्हा सासवांची सोयही उरली नाही! तेव्हा या दिवाळीत वर दिलेल्या मापाने भात करून पाहा. पाहुणे जास्त असले आणि केशर कमी असले, तर भात कमी करा. मूद लहान वाढा. आणि पंगतीत कोणी म्हणालेच, "रंग जरा फिका वाटतो," तर त्यांना एवढेच सांगा, "आधी घास तर घ्या."